बाटलीत पाणी, मीठ की साखर? नागपूरच्या उन्हात सायकल चालवणाऱ्यांसाठी

मेडिकलच्या काउंटरवर रांगेनं मांडलेले फळांच्या चवीचे रंगीत टेट्रापॅक तुम्हाला आठवत असतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं (एफएसएसएआय) त्यांच्याबद्दल आदेश काढला. जे पेय जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेलं नाही, त्याच्या नावात किंवा लेबलवर 'ओआरएस' (म्हणजे जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) ही अक्षरं वापरता येणार नाहीत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. कारण साधं होतं. जुलाबानं सुकलेल्या लेकराला औषध समजून जे पाजलं जात होतं, त्यात साखर कितीतरी जास्त आणि मीठ कमी होतं.

बातमी लहान मुलांची होती. पण तोच पॅक रविवारी पहाटे जर्सीच्या मागच्या खिशात कोंबून रामटेकच्या वाटेला लागणारेही आहेत. मग सायकलवर प्यायचं तरी काय? ओआरएस (इलेक्ट्रॉलची पूड म्हणजे तेच), लिंबूपाणी, नारळपाणी, की नुसतं माठातलं पाणी? या प्रश्नाचं उत्तर पाकिटावर सापडत नाही. ते दोनच गोष्टींवर ठरतं: तुम्ही किती वेळ सायकलवर असणार आणि बाहेर हवा कशी आहे.

शरीर म्हणजे ताट्यांचा कूलर

नागपूरकराला घामाचं शास्त्र समजावणं सोपं जातं, कारण त्याच्या खिडकीत ते दर उन्हाळ्यात बसवलेलं असतं. कूलर हवा थंड करतो ती ओल्या ताट्यांतलं, म्हणजे बाजूच्या गवती जाळ्यांतलं, पाणी उडवून. पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता घेऊन जाते. घामाचंही तसंच. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते.

आता ही उष्णता येते कुठून ते पाहू. साठ किलो वजनाचा माणूस ताशी वीस किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतो तेव्हा तासाला साधारण ४५० ते ५०० किलोकॅलरी जाळतो. त्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे तासाभरात साडेतीनशेच्या वर किलोकॅलरी अंगाबाहेर टाकायच्या आहेत. हवा गार असेल तर बरीचशी उष्णता वाऱ्यानंच निघून जाते. पण हवा कातडीहून गरम असली, म्हणजे पारा ३५ च्या वर गेला, की वारा उलट अंगाला उष्णता देतो. मग एकच मार्ग उरतो, घाम. हिशेब केला तर त्या एका तासाला निदान सहा-सातशे मिलिलिटर घाम उडायलाच हवा.

कूलरचा दुसरा धडा याहून कामाचा आहे. मे महिन्यात तो खोली गारेगार करतो आणि जुलैत नुसती दमट हवा फेकतो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की ताटीतलं पाणी उडत नाही. श्रावणात पंचवीस अंशांवरही सायकलवाल्याचा जीव नकोसा होतो तो याचमुळे. घाम येतो, ठिबकतो, पण ठिबकलेला घाम काहीच थंड करत नाही. शरीर आणखी घाम काढतं, तोही वाया जातो.

मे महिन्यात धोका उलटा असतो. हवा इतकी कोरडी आणि वर सायकलचा वारा, त्यामुळे घाम आला कधी आणि उडाला कधी कळतच नाही. जर्सी कोरडी, म्हणून माणूस म्हणतो, 'आज फारसा घाम नाही आला.' मग सिग्नलला थांबतो, वारा बंद होतो आणि पंधरा सेकंदांत कपाळावरून धारा सुरू होतात. तो घाम तिथे थांबल्यावर आलेला नसतो. वाटभर तेवढाच येत होता, फक्त दिसत नव्हता. घरी आल्यावर काळ्या जर्सीवर पाठीला पांढरे नकाशे उमटलेले दिसतील, ते मिठाचे.

तुमचा घाम किती? वजनकाटा सांगेल

कुणी म्हणतं तासाला अर्धा लिटर प्या, कुणी म्हणतं एक. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण घामाचं प्रमाण माणसागणिक तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलतं. दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यापेक्षा आपला मोजलेला बरा. त्याला लागतो शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा आणि एक सकाळ.

निघण्याआधी लघवीला जाऊन या आणि कपडे काढून वजन करा. राइडवर किती प्यायलात ते लक्षात ठेवा. परत आल्यावर अंग टॉवेलनं कोरडं करून पुन्हा कपड्यांशिवाय वजन करा. ओली जर्सी अंगावर ठेवून वजन केलं तर जर्सीत अडकलेला घामही मोजला जातो आणि आकडा फसवा येतो.

समजा आधी ६८ किलो होतं, दीड तासानं ६७.२ भरलं आणि वाटेत ६०० मिलिलिटर पाणी प्यायलात. घटलेले ८०० ग्रॅम म्हणजे ढोबळमानानं ८०० मिलिलिटर. त्यात प्यायलेले ६०० मिळवा. दीड तासात १.४ लिटर, म्हणजे तासाला नऊशेच्या थोडं वर. वाटेत लघवीला थांबला असाल तर तेवढं वजा करायचं.

आता इथे बरेच जण घाईनं चूक करतात. तासाला ९०० जातं म्हणून तासाला ९०० प्यायला लागतात आणि पोट डचमळतं. सगळं भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट निरोगी माणूस सहसा निभावून नेतो, त्यापुढे दम लवकर लागतो आणि नाडी चढते. ६८ किलोच्या माणसाचे दोन टक्के म्हणजे १.३ किलोच्या आसपास. तीन तासांच्या राइडला त्याचा घाम पावणेतीन लिटर जाईल. त्यातला लिटर-सव्वा लिटर घरी आल्यावर भरता येतो. उरलेला सुमारे १.६ लिटर वाटेत प्यायचा, म्हणजे तासाला साडेपाचशे. हे साध्य होण्यासारखं आहे. दर पंधरा मिनिटांनी तीन-चार मोठे घोट घेतले की झालं.

हे मोजमाप एकदा डिसेंबरात, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा पावसाळ्यात करा. एकाच माणसाचे तीन आकडे येतील.

नुसतं पाणी का पुरत नाही

घामाबरोबर मीठ जातं. एका लिटर घामात सोडियमचं प्रमाण माणसागणिक खूप बदलतं. मधला आकडा धरायचा तर लिटरला एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच ग्रॅम साधं मीठ. तासाभराच्या राइडला याचा विचारही करू नका. घरी आल्यावर वरण-भात-लोणच्यात ते भरून निघतं. तीन-चार तासांच्या उन्हात मात्र फक्त पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होत जातं.

'जास्त पाणी पिऊन काय वाईट होणार?' हा आक्षेप इथेच येतो. होतं. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मग गोंधळल्यासारखं वागणं आणि टोकाला झटके. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असं घसरलेलं आढळलं होतं. त्यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेल्यांना, म्हणजे गमावलं त्याहून जास्त प्यायलेल्यांना, धोका अधिक होता. मोठी अडचण ही की वरवर ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे किती प्यायलं ते आठवणं. चार तासांत पाच-सहा लिटर पोटात गेलं असेल आणि तरी मळमळत असेल, तर बाटली बाजूला ठेवायची, काही खारट खायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आता ओआरएसकडे येऊ. आपल्या लहान आतड्यात एक असा दरवाजा आहे, जो सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनंच आत घेतो. एकटा आला तर तो फारसा उघडत नाही. जोडी आत गेली की मागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पिंपातला तो घोट काम करत होता तो याच दरवाज्यातून.

पण ते सूत्र जुलाबासाठी आहे. एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सायकलवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर पाणी आणि मिठाची सोय झाली, पण ताकदीची नाही. तासाला तीस ग्रॅम साखर हवी असेल तर सव्वादोन लिटर ओआरएस प्यावं लागेल! घाम खूप जाणाऱ्यानं दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस ठेवायला हरकत नाही. तेच इंधन समजून निघालात तर मात्र अडकाल. पाकीट एका लिटरचं असेल तर एका लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबायचं नाही.

नारळपाण्याची गंमत उलटी आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, पण घामात मुख्यतः जातं ते सोडियम, आणि ते नारळपाण्यात कमी. चिमूटभर मीठ टाकून प्या, मग जमतं.

पऱ्हाट्या आणि ओंडका

विदर्भातल्या चुलीवर दोन प्रकारचं जळण असतं. कपाशीच्या पऱ्हाट्या भुर्रकन पेटतात, जाळ मोठा देतात आणि पटकन संपतात. बाभळीचा ओंडका रात्रभर धुमसतो, पण त्यावर घाईत चहा होत नाही. शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, या झाल्या पऱ्हाट्या. एकूण साठा चारशे-पाचशे ग्रॅम. चरबी हा ओंडका. सडपातळ माणसाकडेही तो कित्येक दिवसांचा असतो.

सेमिनरी हिल्सला गप्पा मारत फिरताना ओंडका बऱ्यापैकी कामाला येतो आणि पऱ्हाट्या तासन्‌तास पुरतात. पण अमरावती रोडवर समोरून वारा लागला, किंवा पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायच्या नादात दम लागेपर्यंत मारलं, की जाळ पऱ्हाट्यांचाच लागतो. असं दीड-दोन तास चाललं की साठा तळाला जातो. मग ज्याला सायकलवाले 'बाँक' म्हणतात ते होतं. पाय लोळागोळा, हात थरथरणारे, डोकं रिकामं, आणि चिडचिड. मघापर्यंत हसणारा मित्र एकदम कुणाशी बोलेनासा झाला तर त्याच्या हातात आधी केळं द्या, कारण नंतर विचारा.

पहाटे निघणाऱ्यांना हे लवकर गाठतं, त्याचं कारण यकृत. तिथला ऐंशी-शंभर ग्रॅमचा साठा रक्तातली साखर टिकवायला असतो आणि रात्रभराच्या उपासात त्यातला बराचसा मेंदूनंच खाल्लेला असतो. म्हणजे रात्री आठला जेवून पहाटे पाचला उपाशी निघणाऱ्याची कोठी आधीच अर्धी रिकामी. निघण्याआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि तीन-चारशे मिलिलिटर पाणी एवढ्यानं मोठा फरक पडतो.

किती वेळाच्या राइडला काय न्यायचं

तासाभराची राइड, म्हणजे फुटाळा-अंबाझरीची नेहमीची फेरी: साधं पाणी. बस्स. ना पूड, ना जेल. इथे साखरेचं पेय पिणं म्हणजे जाळलेलं निम्मं परत भरणं.

एक ते अडीच तास: तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर मिळून. आरामात चालवणाऱ्याला तीस पुरतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास, चार-पाच ओल्या खजुरांत तेवढेच, ग्लुकोजच्या एका बिस्किटात चार ग्रॅमच्या आसपास. राजगिऱ्याचा लाडू खिशात चुरा होतो, पण चालतो. चिक्की चांगली, फक्त तिच्यातल्या शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ लागतो, म्हणून ती राइडच्या पहिल्या भागात खा. शेवटच्या दहा किलोमीटरला तिचा उपयोग नाही. पहिला घास चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या मिनिटाला. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, कारण पोटातून पायापर्यंत साखर पोहोचायला वेळ लागतो.

त्याहून लांब, म्हणजे खिंडसी जाऊन येऊन शंभर किलोमीटर किंवा २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड: तासाला साठ, आणि सवय असेल तर त्याहून जास्त. साठचा आकडा असा आला की ग्लुकोजच्या त्या दरवाज्यातून तासाला साधारण साठ ग्रॅमच आत जातात. फळांतल्या साखरेचा, फ्रुक्टोजचा, दरवाजा वेगळा आहे. दोन्ही मिळून नव्वदपर्यंत मजल जाते. आपली घरची साखर म्हणजे निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज, त्यामुळे दोन्ही दरवाजे वापरायला महाग पावडरच हवी असं नाही. नव्वद ग्रॅम मात्र आतड्याला आठवडेच्या आठवडे सवय लावून साधतात. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, ती शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची. फुटाळ्याला तीन फेऱ्या मारणाऱ्यानं तिथला आहार उचलायचं कारण नाही.

घरची बाटली अशी करा. एक लिटर पाणी, पन्नास-साठ ग्रॅम साखर (काट्यावर मोजा, चमच्यानं मोजलं तर सपाट बारा-चौदा चहाचे चमचे), पाव चमचा मीठ तेही सपाट, आणि अर्धं लिंबू. यातून पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, नाहीतर ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. दुसरी बाटली साध्या पाण्याची हवीच. गोड घोटानंतर तोंड चिकटतं, केळं खाल्ल्यावर पाणी लागतं, आणि उन्हात डोक्यावर ओतायलाही गोड पाणी चालत नाही.

रसवंती दिसली की थांबावं का?

थांबा, पण परतीच्या वाटेवर. उसाच्या रसात शंभराला बारा-पंधरा ग्रॅम साखर असते, आपल्या बाटलीच्या दुप्पट. इतकं दाट द्रावण जठरात रेंगाळतं, ते पातळ करायला आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. पोट जड, मळमळ, आणि पाणी पायांऐवजी पोटात. बाटलीबंद कोल्ड्रिंकचंही तेच, वर गॅसचा त्रास. राइड चालू असताना प्यायचाच असेल तर अर्धा ग्लास रस, त्यावर मीठ-लिंबू आणि मागून तितकंच पाणी.

तर्री पोह्यांबद्दल बोलणं जोखमीचं आहे, तरी बोलतो. पोहे उत्तम इंधन. तर्री नाही. तेल आणि तिखट घेऊन परतीचे तीस किलोमीटर वाकून बसायचं म्हणजे छातीत जळजळ ठरलेली. वाटेत पोहे कोरडे खा, तर्री शहरात परतल्यावर.

चहानं पाणी सुकतं हा समज मात्र सोडून द्या. एक-दोन कप चहानं शरीरातलं पाणी घटत नाही.

काही आक्षेप

'वजन उतरवायला सायकल चालवतो, मग साखर का खाऊ?' तासाभराच्या राइडला खरंच खाऊ नका. तीन तासांच्या राइडला न खाल्लेले दोनशे कॅलरी घरी आल्यावर चार समोसे होऊन वसूल होतात.

'मला मधुमेह आहे.' इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामानं साखर खाली जाण्याची भीती अधिक, वर जाण्याची नाही. डोस आणि खाणं डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि खिशात ग्लुकोज ठेवल्याशिवाय निघू नका. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी, लघवीची गोळी घेणाऱ्यांनीही, मिठाचं प्रमाण वरच्या परिच्छेदांतून उचलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

'उन्हाची सवय आहे मला.' सवय होते हे खरं, दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण सवयीचं शरीर घाम जास्त गाळतं, म्हणजे पाणी कमी नाही, अधिक लागतं. आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, सवयीचा मुलाहिजा ऊन ठेवत नाही. मे महिन्यात पहाटे पाचला निघा आणि आठ-साडेआठला सायकल घरात टेकवा. सोबतचा माणूस अडखळत बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, व्यायामातल्या उष्माघातात घाम चालूच असतो. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मिळेल तितकं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

बाटलीचं व्यवस्थापन

उन्हात तासाभरात बाटलीतलं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं होतं, आणि गरम पाणी माणूस पीत नाही, हीच खरी अडचण. एक बाटली दोन तृतीयांश भरून रात्री फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वरून पाणी घाला. दुसरीला ओला सुती मोजा चढवा. हाही कूलरच, वारा लागला की पाणी गार राहतं. पावसाळ्यात मोज्याचा उपयोग नाही.

घरी आल्यावर पुन्हा काट्यावर उभे राहा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, पण एकदम नाही, दोन-तीन तासांत, खारट नाश्त्याबरोबर. ताकात जिरं-मीठ घालून प्यायलंत तर पाणी, मीठ आणि थोडं प्रथिन एकाच पेल्यात येतं.

आणि साखरेची बाटली त्याच दिवशी धुवा. टोपणातला रबरी नळा काढून, लहान ब्रशनं. दुपारभर गाडीच्या डिकीत पडली तर दुसऱ्या रविवारी त्या नळ्याच्या आत काळी बुरशी दिसेल, आणि पोट बिघडल्यावर दोष मात्र लिंबाला जाईल.